दोघांच्या घरातला नाताळ

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ऑक्टोबरच्या मध्यात, दिवाळीच्या धामधुमीत नाताळाचे पत्र आलेले पाहून नवल वाटेल. पण ज्या घरांसाठी हे लिहितो आहोत, त्यांची पहिली तारीख डिसेंबरात नाही, २४ ऑक्टोबरला आहे. रेल्वेचे आगाऊ आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडते आणि त्यात प्रवासाचा दिवस धरत नाहीत. मुंबईतल्या मुलाला २३ डिसेंबरच्या रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेसमध्ये बसून २४ला सकाळी मिरजेत उतरायचे असेल, तर त्याचे आरक्षण २४ ऑक्टोबरला सकाळी ८ वाजता सुरू होणार. ‘बघू, नोव्हेंबरात ठरवू’ म्हणणाऱ्याच्या वाट्याला वेटिंग लिस्ट येते, आणि मग इकडे आईवडील ‘येतो की नाही’ या एका प्रश्नावर महिना काढतात.

नाताळ म्हटला की वर्तमानपत्रांत लाल टोपीतली लहान मुले दिसतात, आणि छान दिसतात. पण मिरज, सांगली, ईश्वरपूर (पूर्वीचे इस्लामपूर), कराड, सातारा इथल्या ख्रिस्ती वस्त्यांत दोघांची किंवा एकट्याची घरे आता पुष्कळ आहेत. मुले पुण्याला, बंगळूरला, आखातात. काहींना मूल नाही. काहींची नातवंडे दुसऱ्या देशात वाढताहेत. अशा घरांत डिसेंबर लागला की एकच वाक्य ऐकू येते : ‘आता कुणासाठी करायचं?’ मग दोनांपैकी एक होते. एक तर सगळेच बंद. कांदील नाही, फराळ नाही, बेकरीतून आणलेला पाव किलो केक आणि सकाळची उपासना. नाही तर आठ माणसांच्या घरात होत होते तेवढेच सगळे दोघांनी करायचे, २५च्या दुपारी कंबर धरून बसायचे आणि चिवड्याचा डबा महाशिवरात्रीपर्यंत पुरवायचा. आमच्या मते दोन्ही चूक. प्रकार गाळू नयेत, माप कमी करावे. काम चार-पाच घरांत वाटून घ्यावे. आणि जेवणाचा दिवस माणसांच्या सोयीने ठरवावा.

शेवटचा मुद्दा आधी, कारण भांडणे तिथेच होतात. उपासना २५ तारखेलाच होणार, ती हलत नाही. कुटुंबाचे जेवण मात्र हलवता येते. जुन्या रिवाजाने नाताळाचा काळ २५ डिसेंबरपासून ५ जानेवारीपर्यंत बारा दिवसांचा असतो आणि ६ जानेवारीला मागी लोकांच्या, म्हणजे बाळ येशूला पाहायला आलेल्या ज्ञानी लोकांच्या, भेटीचा सण येतो. मुलीला एक नाताळ सासरी काढायचा असतो, मुलाला कंपनी २५ची एकच सुट्टी देते. त्यांना ‘आलं तर २५लाच’ असा हट्ट धरण्यापेक्षा २७, २८ किंवा त्यातला सोयीचा रविवार नक्की करावा आणि तो ऑक्टोबरातच सांगून टाकावा. आईवडिलांनी मुलांकडे जायचे, असा उलट प्रवासही विचारात घ्यावा. एसटीत ७५ वर्षांवरच्यांना २०२२पासून मोफत प्रवास आहे, महिलांना मार्च २०२३पासून अर्धे तिकीट आहे. आधार कार्ड जवळ ठेवले की सातारा-पुणे काही अवघड नाही.

परदेशातल्या मुलांशी फोनची वेळ आधी बांधून घ्या. आपले २५चे सकाळचे ८ म्हणजे न्यूयॉर्कला २४च्या रात्रीचे साडेनऊ. लंडनमध्ये पहाटेचे अडीच. त्यामुळे अमेरिकेची वेळ उपासनेला निघण्याआधीची आणि लंडनची दुपारी दोननंतरची. दुबई दीड तासच मागे आहे, तिथे कामावर जाण्याआधी फोन होतो. वेळ ठरलेली नसली की दिवसभर फोन हातात धरून बसावे लागते आणि दारात आलेल्या माणसाकडे लक्ष राहत नाही.

आता केक. दोघांच्या घराला दीड किलोचा केक नको. १५ सेंटिमीटर व्यासाचे, ७ सेंटिमीटर उंचीचे भांडे घ्या. माप असे : मैदा १२५ ग्रॅम, लोणी १०० ग्रॅम, साखर १०० ग्रॅम, अंडी २, भिजवलेला सुका मेवा २५० ग्रॅम, काजू-बदामाचे तुकडे ४० ग्रॅम, बेकिंग पावडर अर्धा छोटा चमचा, दालचिनी, लवंग, जायफळ आणि सुंठ मिळून एक छोटा चमचा, चिमूटभर मीठ. रंगासाठी ४० ग्रॅम साखर कोरडी वितळवून तांब्याच्या रंगाची झाली की आच बंद करायची आणि बेताने ४० मिलिलिटर गरम पाणी घालायचे. गार पाणी घातले तर पाक उसळून हातावर येतो. साखर काळी पडेपर्यंत थांबलात तर केक कडू होतो. मग वरून कितीही साखर घाला, कडूपणा जात नाही.

मेव्याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण बेदाण्याच्या जिल्ह्यात राहून आपण बेदाणा भिजवताना चुकतो. तासगाव-कवठेमहांकाळकडचा नवा बेदाणा उन्हाळ्याच्या तोंडाशी तयार होतो. डिसेंबरात हाती येतो तो शीतगृहातला, महिनोन्‌महिने ठेवलेला आणि म्हणून जास्त कोरडा. शिवाय द्राक्षे लवकर वाळावीत म्हणून ती पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवलेली असतात. त्या द्रावणाचा अंश बेदाण्यावर राहू शकतो. म्हणून बेदाणा आधी कोमट पाण्यात दोनदा चोळून धुवावा, कपड्यावर पसरून कोरडा करावा, मगच भिजवावा. १५० ग्रॅम बेदाणा, ५० ग्रॅम काळे मनुके, ५० ग्रॅम टुटीफ्रुटी आणि संत्र्याच्या सालीचा मुरंबा मिळून, एवढ्याला १०० मिलिलिटर संत्र्याचा रस उकळून गरम गरम ओतायचा, झाकायचे, गार झाल्यावर फ्रिजमध्ये एक-दोन दिवस ठेवायचे. डिसेंबरात नागपूरची संत्री बाजारात असतातच.

इथे एक गफलत नेहमी होते. मेवा महिनाभर आधी भिजत घालावा असे सगळीकडे वाचायला मिळते. ते रममध्ये भिजवणाऱ्यांसाठी खरे आहे, कारण मद्य टिकवण्याचे काम करते. आपल्याकडे बरीच घरे मद्य वापरत नाहीत. ती तेच वेळापत्रक रसाला लावतात आणि बरणी कट्ट्यावर ठेवतात. सांगलीत डिसेंबरातली रात्र गार असली तरी दुपार उबदारच असते. तीन-चार दिवसांत बरणीला फेस येतो, आंबूस वास सुटतो. असा मेवा टाकून द्यावा. केकमध्ये घालून ‘भाजल्यावर कळणार नाही’ असे म्हणू नये, कळते.

केक २० डिसेंबरच्या आसपास करावा. लोणी आणि अंडी रात्रीच फ्रिजबाहेर काढून ठेवा. थंडीच्या सकाळी लोणी दगडासारखे असते, ते फेटले जात नाही. पातेले कोमट पाण्यावर धरले तर चालते, पण लोणी वितळू देऊ नका, वितळलेल्या लोण्यात हवा धरत नाही आणि केक चपटा होतो. लोणी-साखर पांढरट होईपर्यंत फेटून अंडे एकेक करून घाला. मिश्रण फाटल्यासारखे दिसले तर अंडी गार होती असे समजा. मापातलाच मोठा चमचाभर मैदा घातला की सावरते. मग गार झालेला पाक, चाळलेला मैदा आणि मसाला. मेवा चाळणीत निथळून, दोन चमचे मैद्यात घोळवून सगळ्यांत शेवटी. मेवा तळाला बसतो तो ओला घातल्यामुळे किंवा मिश्रण पातळ झाल्यामुळे.

ओव्हन १५० ते १६० अंशांवर, साधारण ७० मिनिटे. पहिली ४५ मिनिटे दार उघडायचे नाही, मधोमध खड्डा पडतो. वरचा भाग लवकर लाल झाला तर वर फॉइल टाका. ओव्हन नसेल तर जुना, पाच लिटरचा कुकर काढा : रिंग आणि शिट्टी दोन्ही काढायच्या, पाणी अजिबात नाही, तळाला दोन वाट्या जाड मीठ, त्यावर जाळी. मध्यम आचेवर दहा मिनिटे तापवून मग भांडे आत आणि गॅस सर्वांत बारीक. ७० ते ८० मिनिटे लागतात. नेहमीचा कुकर यासाठी वापरू नका, कोरड्या आचेने तो खराब होतो. केक पूर्ण गार झाला की बटर पेपर, त्यावर फॉइल, आणि घट्ट डबा. एक दिवस मुरू द्यावा, दुसऱ्या दिवशी सुरीखाली भुगा होत नाही. रम नसलेला केक बाहेर चार-पाच दिवस आणि पुढे फ्रिजमध्ये. याचे १६ तुकडे होतात, एकेक ४५ ग्रॅमच्या आसपास. मधुमेह असलेल्यांसाठी साखर निम्मी करण्याचा खटाटोप करू नका. साखर गेली की ओलावाही जातो आणि कोरडा केक कुणीच खात नाही. तुकडा निम्मा करावा, हे सोपे.

फराळाला आमची एकच सूचना आहे : पाच घरे मिळून वाटणी. प्रत्येक घराने एकच पदार्थ करायचा, तयार झाल्यावर एक किलो भरेल एवढा. पाच वाटे २०० ग्रॅमचे. २१ किंवा २२ डिसेंबरच्या संध्याकाळी अदलाबदल. प्रत्येक घरात चिवडा, शेव, करंजी, कुलकुल आणि लाडू मिळून एक किलो फराळ येतो, दोन माणसांना आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना तो पुरतो. एकच पदार्थ करायचा म्हणजे एकच कढई, एकच दुपार. चिवड्याच्या एक किलोला पातळ पोहे ५०० ग्रॅम, शेंगदाणे १५०, डाळे १००, सुक्या खोबऱ्याचे काप ७५, तेल १५० ग्रॅम आणि बाकी मिरची-कढीपत्ता-मीठ-पिठीसाखर. पोहे आधी कढईत मंद आचेवर कुरकुरीत करा किंवा दिवसभर उन्हात ठेवा, नाही तर दोन दिवसांत वातड होतात.

वाटणी मोडते ती ठरावीक कारणांनी. करंजीला खर्चही जास्त आणि कष्टही, आणि ती दरवर्षी एकाच बाईंच्या गळ्यात पडते. म्हणून पदार्थ फिरते ठेवावेत. वजन तळून झाल्यावर करावे, कच्च्या मालाचे नव्हे. ताजे तेल वापरायचे, दिवाळीचे उरलेले नाही. फराळाला खवट वास येतो तो तेलाचा, पण नाव करणारीचे खराब होते. करंजीत ओले खोबरे घालायचा मोह टाळा, दोन-तीन दिवसांत वास येतो. सुके किसून भाजलेले घाला. आणि कुणाला शेंगदाणा चालत नसेल तर ते आधी विचारून घ्या.

कुलकुलाविषयी थोडे वेगळे. हा पदार्थ मुळात मुलांच्या हातांनी व्हायचा. सगळे गोल बसून कंगव्यावर पिठाच्या गोळ्या वळायचे. मुले गेली की पहिला तोच बंद होतो. एक किलोला मैदा ६०० ग्रॅम, बारीक रवा १००, पिठीसाखर १५०, कडकडीत तुपाचे मोहन चार मोठे चमचे, मीठ आणि मळायला नारळाचे दूध, पाव लिटरच्या आसपास, एकदम न ओतता. अर्धा तास ओल्या फडक्याखाली. हरभऱ्याहून थोडी मोठी गोळी नव्या, धुतलेल्या कंगव्यावर किंवा काट्याच्या पाठीवर अंगठ्याने दाबत पसरायची आणि गुंडाळायची. कडा नीट चिकटवली नाही तर तेलात उलगडते. साखर पिठातच असल्याने तेल जास्त तापले की बाहेरून काळे आणि आतून कच्चे. एवढ्या पिठाच्या अडीचशेच्या वर गोळ्या होतात, सांधे दुखणाऱ्या बोटांना त्या एका बैठकीत झेपत नाहीत. हा पदार्थ ज्या घराच्या वाट्याला येईल, तिथे बाकीच्या चार घरांतून एकेकाने दुपारी तासभर जावे. पाच जणांत काम तासाभरात उरकते, आणि खरे सांगायचे तर गप्पांसाठी हे सगळ्यांत चांगले निमित्त आहे.

कांदिलाबाबत कडक बोलावे लागते. साठी ओलांडलेल्या माणसाने कांदील लावायला स्टुलावर चढू नये. डिसेंबरात मोडलेले खुब्याचे हाड नाताळ तर नेतेच, पुढचे सहा महिनेही नेते. नोव्हेंबरातच शेजारच्या तरुणाकडून छज्जाला एक छोटी कप्पी बसवून घ्या, तीतून नायलॉनची दोरी, आणि दोरी बांधायला भिंतीवर कमरेच्या उंचीला हूक. मग कांदील जमिनीवर उभे राहून वर-खाली करता येतो. भार दोरीने घ्यायचा, वायरीने नाही. घरी करायचा तर बुरूडाकडून ६० सेंटिमीटरच्या दहा कामट्या आणि १२ ते १५ सेंटिमीटरचे पाच तुकडे आणा. पाच-पाच कामट्यांच्या दोन चांदण्या बांधा, एकमेकींवर ठेवून पाचही टोके दोऱ्याने बांधा, आणि आत कामट्या जिथे एकमेकींना छेदतात त्या पाच जागी छोटे तुकडे उभे सारा. चांदणीला पोट येते. तुकडे असमान असले की चांदणी एका अंगाला पिळवटते. वर पतंगी कागद, मैद्याच्या खळीने. खाली बल्ब घालायला आणि वर उष्णता जायला तोंड ठेवा. बल्ब ५ ते ७ वॅटचा एलईडी. जुना ६० वॅटचा बल्ब कागद करपवतो. पहाटेचे दव पतंगी कागद सैल करते, म्हणून कांदील छज्जाच्या आतल्या बाजूला, उघड्या आकाशाखाली नको.

झाडाचा सोस या घरांनी सोडला तरी चालेल. सहा फुटी प्लॅस्टिकचे झाड माळ्यावरून काढणे-ठेवणे हेच मोठे काम. टेबलावर मावणारे दोन फुटी पुरे, किंवा कुंडीतले अरौकेरिया, ते वर्षभर सावलीत ठेवायचे. सांगलीच्या एप्रिलच्या उन्हात ते जळते. सुरूच्या तोडलेल्या फांद्यांजवळ मेणबत्ती लावू नका, आठवड्यात त्या काडीसारख्या पेटतात.

त्यापेक्षा येशूजन्माचा देखावा, म्हणजे गव्हाणी, करावी. मातीच्या मूर्ती, थोडे वाळके गवत आणि भोवती उगवलेला गहू. घट बसवणाऱ्या शेजारणीला विचारा, तिला हे तंत्र तोंडपाठ असते. गहू १३ डिसेंबरला रात्री भिजवून १४ला ताटलीत तीन सेंटिमीटर मातीवर दाट पेरा, वर मातीचा पातळ थर. दोन दिवस झाकून, मग खिडकीत. थंडीने उगवण मंदावते, म्हणून नवरात्रापेक्षा दोन दिवस जास्त धरले आहेत. पाणी शिंपडायचे, ओतायचे नाही. साचलेल्या पाण्याने बुरशी येते. अंधारात ठेवलात तर पिवळा होऊन लोळतो. बाळाची मूर्ती २४च्या रात्री ठेवायचा रिवाज आहे, तो दोघांच्या घरातही पाळावा.

आगमनकाळाचे, म्हणजे नाताळाआधीचे, चार रविवार हे मात्र अशा घरांसाठीच असल्यासारखे आहेत. पहिला रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांत कधीही येतो. स्टीलच्या ताटात वाळू, वाळूत चार जाड मेणबत्त्या, भोवती हिरवी पाने, प्लॅस्टिकची नकोत. पहिल्या रविवारी एक, दुसऱ्या रविवारी दोन, अशा वाढवत जायच्या. वाचायला बायबलमधून पहिल्या आठवड्यात यशयाचा नववा अध्याय, दुसऱ्या आठवड्यात चाळिसावा, तिसऱ्या आठवड्यात लूकच्या पहिल्या अध्यायातला मरियेचा भाग, चौथ्या आठवड्यात मत्तयाच्या पहिल्या अध्यायाचा शेवट. लूकचा दुसरा अध्याय २४ तारखेसाठी राखून ठेवा. एक वाचन, एक गीत, प्रार्थना, चहा : वीस मिनिटे. एकटे राहणाऱ्याने दर रविवारी एका घराला बोलवावे, म्हणजे चार रविवारी चार घरे होतात.

गाण्याचेही बोलायला हवे. साताऱ्यात १९१७ साली रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा सुरू केला. मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत टाळ, तबला, पेटीवर भजने म्हणण्याची जी रीत आहे ती मोठ्या माणसांच्या गळ्यासाठीच आहे, आणि ती भजने आज ज्यांना पाठ आहेत तीच मंडळी या शांत घरांत बसली आहेत. कॅरलला, म्हणजे घरोघरी नाताळगीते म्हणत, येणाऱ्या तरुणांनी अशा घरी स्वतः दोन गाणी म्हणावीत आणि एक भजन घरच्यांना सांगायला लावून मागे साथ धरावी.

कॅरलच्या टोळीची वेळ हीदेखील अडचण असते. यादीत ही घरे शेवटी ढकलली जातात आणि रात्री दीडला दार वाजते. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात टोळीप्रमुखाला सांगून आपले घर पहिल्या तीनांत घालून घ्या. बशा मांडू नका; त्यांना अजून दहा घरे करायची असतात, फराळ कागदी पुडीत द्यावा. २५ जणांच्या चहाला दूध दीड लिटर, पाणी एक लिटर, चहा पावडर ७० ग्रॅम, साखर २०० ग्रॅम, आल्याचा बोटभर तुकडा. घरात दुखणे असेल तर ढोलकी फाटकाबाहेर ठेवायला सांगायला संकोच करू नये.

भेटवस्तूंवर दोन ओळी पुरेत. मोठ्यांनी एकमेकांना शाली देत बसण्यापेक्षा चिठ्ठ्या टाकून प्रत्येकाने एकालाच, पाचशे रुपयांच्या आत, आणि शक्यतो कामाचे काही द्यावे : संडासात धरायची दांडी, रात्रीचा सेन्सरवाला दिवा, मोठ्या टायपाचे शास्त्र (बायबल).

मिरजेत डॉक्टर वॉन्लेस यांनी १८९४ साली रुग्णालय उभे केले, तेव्हापासून हे गाव दवाखान्यांचे आहे आणि नाताळाच्या रात्रीही खाटा भरलेल्याच असतात. ज्यांच्या घरी कुणी येणार नाही, त्यांनी तिकडे जावे. पण न विचारता लाडवांचे डबे घेऊन वॉर्डात शिरू नये. आठवडाभर आधी वॉर्डच्या प्रमुख सिस्टरांना फोन करून किती पुडे आणि कोणत्या वेळी ते विचारा. फराळ रुग्णाला देऊ नका, त्याचे पथ्य आपल्याला ठाऊक नसते. तो जिन्यात चटई टाकून बसलेल्या नातेवाइकांना आणि रात्रपाळीच्या कर्मचाऱ्यांना द्या. ऑक्सिजन असतो तिथे मेणबत्ती नेऊ नका. गाणे बाहेरच्या व्हरांड्यात, हळू आवाजात, तेही परवानगी असेल तर.

ज्या घरात वर्षात कुणी गेले आहे तिथे पहिल्या नाताळाला कांदील न लावण्याची पद्धत आहे. ती मोडायचा आग्रह धरू नये. फराळाचा वाटा मात्र त्या घरी नक्की पोचवावा, आणि डबा दारात ठेवून परत न फिरता अर्धा तास बसावे. गेलेल्या माणसाचे नाव काढायला घाबरू नये. घरच्यांना ते हवेच असते.

शेजारच्या हिंदू, मुसलमान, जैन घरांनाही एक विनंती. २५ला सकाळी ही माणसे उपासनेला गेलेली असतात, दुपारनंतर जा. ‘मुलं आली नाहीत का?’ हा पहिला प्रश्न नको. आणि यजमानांनी केकमध्ये अंडे आहे हे न विचारताच सांगावे. जैन शेजाऱ्यांची बशी वेगळी, त्यात लाडू आणि शेव. सांगली-मिरजेत ही काळजी पूर्वापार घेतली जाते, पण बाजारचा केक आणणाऱ्यांना बऱ्याचदा त्यात काय आहे हेच माहीत नसते. डब्यावर हिरवा ठिपका आहे की तपकिरी त्रिकोण, ते पाहावे.

कांदील ६ जानेवारीला उतरवावा. पतंगी कागद फाडून टाकावा, सांगाडा जुन्या चादरीत गुंडाळून माळ्यावर, बल्ब वेगळा. गव्हाणीतला गहू दारच्या गाईला चालतो. कप्पीची दोरी उन्हात तशीच राहू देऊ नका, नायलॉन उन्हाने कुजते आणि पुढच्या नाताळात भार आल्यावर तुटते. काढून ठेवा, पण कप्पी राहू द्या.

आपले,
नाताळाच्या तयारीत दरवर्षी हातभार लावणारे काही वाचक,
मिरज, जि. सांगली